‘मला काही झालं नाही’ म्हणणाऱ्या खेळाडूवर विश्वास का ठेवायचा नाही?

रविवारी संध्याकाळी ठाण्यातल्या घोडबंदर रोडचं किंवा डोंबिवलीतलं कुठलंही टर्फ घ्या. कॉर्नर येतो, दोघं एकाच बॉलसाठी उडी मारतात आणि डोक्यावर डोकं आपटतं. एक जण खाली बसतो. कोणी पाणी आणतं, कोणी बर्फ शोधतं, कोणी ‘नाटक करू नको, ऊठ’ म्हणतं. दोन मिनिटांनी तो उठतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो आणि मॅच पुन्हा सुरू होते.

घोळ नेमका इथेच होतो. कारण ज्याच्या डोक्याला मार लागलाय, त्याचं डोकंच त्या वेळी भरवशाचं नसतं.

‘ही फायनल आहे का?’

१३ जुलै २०१४. रिओच्या माराकाना स्टेडियमवर जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना, वर्ल्ड कपची फायनल. १७व्या मिनिटाला जर्मनीच्या ख्रिस्तोफ क्रामरच्या डोक्याला प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याचा जोरदार फटका बसला. तो उठला आणि पुन्हा खेळायला लागला. थोड्या वेळाने त्याने रेफरी निकोला रिझोली यांनाच विचारलं, की ही फायनल आहे का? रिझोलींना आधी गंमत वाटली, मग त्यांनी जर्मनीच्या खेळाडूंना सावध केलं. ३१व्या मिनिटाला क्रामर बाहेर गेला. म्हणजे आपण कुठली मॅच खेळतोय हे माहीत नसलेला माणूस साधारण १४ मिनिटं फायनल खेळत होता. त्या मॅचमधलं फारसं काही आठवत नसल्याचं त्याने नंतर सांगितलं.

ज्याच्यावर जगाने मीम्स केले

२६ मे २०१८, कीव्ह. चॅम्पियन्स लीगची फायनल लिव्हरपूल रिअल माद्रिदकडून ३-१ ने हरला. लिव्हरपूलचा गोलकीपर लोरिस कारियसने दोन अशा चुका केल्या की चाहत्यांना विश्वास बसेना. सोशल मीडियावर मीम्स आले, शिव्या आल्या, धमक्याही आल्या.

पुढच्याच आठवड्यात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्याची तपासणी झाली. मॅचमध्ये त्याला कन्कशन झालं होतं, असा निष्कर्ष डॉक्टरांनी काढला. पहिल्या चुकीच्या काही क्षण आधी सर्जिओ रामोसचं कोपर त्याच्या डोक्याला लागलं होतं. अंतर आणि जागा ओळखण्याच्या त्याच्या क्षमतेवर परिणाम झाला असावा आणि त्यामुळे खेळ बिघडला असण्याची शक्यता आहे, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. ‘ही सारवासारव आहे’ म्हणणारे चाहते तरीही होतेच. पण मॅच सुरू असताना हे स्टेडियमलाही दिसलं नाही आणि टीव्हीसमोरच्यांनाही नाही.

डोक्याच्या आत नेमकं काय होतं?

मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो. जोराचा धक्का बसला की तो आतल्या आत हलतो आणि पेशींचं काम काही काळ विस्कळीत होतं. यालाच कन्कशन म्हणतात. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळ, प्रकाशाचा त्रास ही त्याची लक्षणं. ती लगेच दिसतील असं नाही, काही तासांनीही दिसू शकतात.

दोन गैरसमज इथेच दूर केलेले बरे. एक, शुद्ध हरपली तरच कन्कशन, असं नसतं. बहुतेकांची शुद्ध जात नाही. दोन, सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे सगळं ठीक, असंही नसतं. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधतो, कन्कशन त्यात सहसा दिसत नाही.

आणि क्वचित आत हळूहळू रक्तस्राव होत असतो. असा माणूस आधी व्यवस्थित बोलतो आणि काही तासांनी कोसळतो. म्हणून ‘बरं वाटतंय’ हा पुरावा धरता येत नाही.

मग नियम बदलले का?

बदलले, पण सावकाश. क्रिकेटमध्ये आयसीसीने १ ऑगस्ट २०१९ पासून कन्कशन सब्स्टिट्यूट आणला. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. फुटबॉलमध्ये २०२१ पासून प्रयोग सुरू झाले आणि २०२४ मध्ये जादा कन्कशन बदलीची तरतूद नियमांत आली. ती वापरायची की नाही हे मात्र स्पर्धेवर सोडलं आहे.

आणि ठाण्याची हंडी?

डोक्याला मार लागण्याचा प्रश्न आपल्याकडे टर्फपुरता नाही. ठाणे म्हणजे उंच हंड्यांचं शहर. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थरांचा, १३.३४ मीटरचा विश्वविक्रम ठाण्यातच केला. एवढ्या उंचीवरून थर कोसळला तर काय होतं, हे दरवर्षी दिसतं.

२०१७ मध्ये १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ देणार नाही, अशी हमी राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दिली. थरांच्या उंचीवर मर्यादा घालायला न्यायालयाने नकार दिला. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि मृत्यू झाल्यास १० लाखांच्या मदतीची घोषणा केली.

वरच्या थरावरचं हेल्मेट कवटी वाचवतं. मेंदूला बसणारा झटका ते पूर्ण थांबवत नाही. आणि थर कोसळल्यावर तासाभरात पुढच्या हंडीसाठी ट्रकमध्ये चढणारा गोविंदाही म्हणतो, ‘काही झालं नाही.’

मार लागला तर काय करायचं?

- शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढा. त्या दिवशी पुन्हा उतरवू नका. कन्कशन बरं होण्याआधी दुसरा फटका बसला तर धोका वाढतो, लहान मुलांमध्ये जास्तच.
- मान दुखत असेल किंवा शुद्ध नसेल तर उचलून बसवू नका. १०८ ला फोन करा.
- वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, एकाच्या दोन वस्तू दिसणं, हातापायात अशक्तपणा, न आवरणारी झोप किंवा विचित्र वागणं दिसलं तर थेट हॉस्पिटल.
- त्याला बाइक चालवत घरी पाठवू नका, एकटं सोडू नका. दारू नको.
- एक-दोन दिवस शांतपणे, स्क्रीन कमी ठेवून काढा, मग टप्प्याटप्प्याने खेळाकडे. ब्रिटनमध्ये हौशी खेळाडूंना किमान २१ दिवस मॅच खेळू नका, असं सांगितलं जातं.
- चोवीस तास सीटी स्कॅनची सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे टीमच्या किंवा पथकाच्या ग्रुपवर आधीच टाकून ठेवा. कल्याण-शीळ रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर ते शोधायला वेळ नसतो.

बाहेर बसवायचं की नाही हे खेळाडूला विचारू नका. तो ‘खेळतो’च म्हणणार. तो निर्णय कॅप्टनने, कोचने किंवा पथकाच्या प्रशिक्षकाने घ्यायचा असतो, आणि तोही खेळ सुरू होण्याआधी ठरवून ठेवायचा असतो.