सह्याद्रीचा पाऊस आणि आमचा पाऊस

मृग लागला म्हणजे नांदेड-लातूरकडील शेतकऱ्यांचे डोळे पश्चिमेकडे लागतात. पाऊस आधी कोकणात, मग घाटमाथ्यावर, मग देशावर व अखेरीस आपल्याकडे येतो, अशी पायरीपायरीची कल्पना आपल्या मनात पक्की बसलेली आहे. मोसमी वाऱ्यांच्या आगमनापुरती ती बरीचशी खरी आहे. परंतु पुढील तीन महिन्यांत आपल्या शेतावर किती पाणी पडेल, याचा अंदाज घाटावरील पावसावरून बांधू गेल्यास फसगत होते. २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात सांगली व कोल्हापूर ही शहरे महापुरात बुडाली असता त्याच महिन्यात मराठवाड्यात पाऊस पाडण्यासाठी विमानातून ढगांवर फवारणी करण्याची खटपट चालली होती. ही विसंगती कशी घडते हे शेतकरी बंधूंनी नीट समजून घ्यावे, म्हणून हा विषय येथे थोड्या विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

उष्ण हवेत पाण्याची वाफ पुष्कळ मावते, थंड हवेत थोडी मावते, हे एवढे एक तत्त्व ध्यानात ठेविले म्हणजे पुढील सर्व गोष्टी उलगडतात. अरबी समुद्रावरून येणारा वारा वाफेने ओथंबलेला असतो. कोकणपट्टी ओलांडताच त्याच्यापुढे सह्याद्रीची भिंत उभी राहते. बाजूस वाट नसल्यामुळे वारा वर चढतो. वर हवेचा दाब कमी असल्याने ती हवा फुगते आणि फुगल्याने थंड होते. ढग बनेपर्यंत दर शंभर मीटर चढणीस सुमारे एक अंश याप्रमाणे उष्णमान उतरते. ढग बनू लागल्यावर वाफेतील सुप्त उष्णता मोकळी होत असल्याने ही उतरण बरीच मंदावते, परंतु थांबत नाही. शेवटी मावेनाशी झालेली वाफ घाटमाथ्यावर पावसाच्या रूपाने कोसळते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. तेथे वर्षास साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे सव्वादोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो.

आता पलीकडची बाजू पाहावी. माथा ओलांडला की तोच वारा उतरणीस लागतो. उतरताना हवा दाबली जाते व तापते. महाबळेश्वराहून वाईपर्यंत हवेस सुमारे साडेसहाशे मीटर खाली यावे लागते. ढग विरल्यावर शंभर मीटरांस एक अंश हा हिशेब धरला तर ती पाच-सहा अंशांनी अधिक उष्ण होते, आणि उष्ण झालेल्या हवेत उरलीसुरली वाफ सहज सामावते. ढग असतात, पण ते विरत जातात. पाचगणीस महाबळेश्वरच्या एक-तृतीयांशाच्या आसपास पाऊस, आणि आकाशमार्गे पंचवीस किलोमीटरांच्या आत असलेल्या वाईस सुमारे सातशे मिलिमीटर! एवढ्या थोड्या अंतरात एवढा फरक जगात फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळेल. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. अहिल्यानगर, सोलापूर, बीड व धाराशिवचा बराच भाग या छायेत आहे.

जुलै महिन्यात आमच्याकडे दिवसभर काळे आभाळ पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असते, अंगावर भुरभुर येते, वारा झाडे वाकवितो, आणि तिफणीच्या फाळास ओल लागत नाही. हा देखावा वाचकांच्या पुरता परिचयाचा आहे. ते ढग उथळ असतात. त्यांच्या वर कोरड्या व तुलनेने उबदार हवेचे झाकण बसलेले असल्याने त्यांस उंच वाढता येत नाही, आणि त्यांतील थेंब एकमेकांत मिसळून पावसाच्या आकाराचे होण्यापूर्वीच ढग पुढे निघून जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाबळेश्वर येथे २०१२ साली ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढिली, व सोलापूरच्या बाजूस २०१८ आणि २०१९ साली विमानातून कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. ढग मुळात वाढण्याजोगा असेल तरच अशा फवारणीचा काही उपयोग होतो. निरभ्र आकाशातून किंवा पातळ अभ्रांतून पाणी काढण्याची विद्या अद्याप कोणासही साधलेली नाही.

येथे एक गोष्ट चिकित्सक वाचकाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. पर्वतापासून दूर जावे तसतसा पाऊस घटत गेला पाहिजे. परंतु आपल्याकडे उलटच दिसते. अहिल्यानगरकडे वर्षास साधारण साडेपाचशे मिलिमीटर, लातूरकडे साडेसातशे ते आठशे, नांदेडकडे नऊशेच्या आसपास, आणि किनवट-माहूरच्या डोंगरी मुलखात हजाराच्याही पुढे. सह्याद्रीने गाळून टाकिलेले उष्टे पाणीच आपणांस मिळत असते, तर पूर्वेकडे पाऊस वाढता ना! याचा उलगडा असा की, आपल्या भरवशाच्या पावसाचा मोठा वाटा सह्याद्रीच्या वाटेने येतच नाही. तो बंगालच्या उपसागराच्या बाजूने येतो.

पावसाळ्यात त्या उपसागराच्या उत्तर भागात कमी दाबाची क्षेत्रे वारंवार निर्माण होतात व ओडिशा, छत्तीसगड या वाटेने पश्चिमेकडे सरकतात. अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्य अंगास पाऊस सर्वांत जोराचा असतो. क्षेत्र छत्तीसगड किंवा विदर्भावर आले म्हणजे नांदेड व लातूर नेमके त्या अंगास पडतात. तेच क्षेत्र जरा उत्तरेकडून, मध्य प्रदेशातून राजस्थानाकडे निघून गेले, तर अरबी समुद्राचा वारा जोराने ओढला जाऊन घाटमाथ्यावर नद्या फुगतात आणि आपल्याकडे उघडीप राहते. कोयनेचे दरवाजे उघडल्याची वार्ता ऐकून बियाणे टाकणे हे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे.

श्रावणातील दीर्घ खंडाचेही कारण पर्वताशीच गुंतलेले आहे, मात्र तो पर्वत हिमालय होय. मोसमी पावसाचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, सामान्यतः गंगेच्या खोऱ्यातून मध्य भारताकडे पसरलेला असतो. तो कधी कधी उत्तरेस सरकून हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो. मग नेपाळ, बिहार व आसामकडे अतोनात पाऊस होतो, आणि आपल्याकडील सोयाबीन फुलोऱ्यात असता माना टाकू लागते. बिहारात पूर येऊन आपल्याकडे आभाळ कोरडे झाले, तर पुढील काही दिवस पाणी देण्याची सोय पाहावी. खताचा दुसरा हप्ता आणि निंदणीवरील खर्च यांचा विचारही त्याच बेताने करावा.

पूर्वेकडील पावसाचा खरा हंगाम भाद्रपदाचा. महाबळेश्वरी सप्टेंबरचा पाऊस जुलैच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी असतो. लातूरकडे तो जुलैच्या फारसा मागे राहत नाही. २०२१ साली २६ सप्टेंबर रोजी ‘गुलाब’ नावाचे चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यास लागले, तेलंगणातून सरळ आपल्यावर आले, आणि दोन दिवसांत मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागून नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. ते पुढे सह्याद्री ओलांडून अरबी समुद्रात गेले व तेथे त्याचे पुन्हा वादळ झाले. ज्या पर्वताच्या आडोशास आपण कोरडे राहतो, त्याच पर्वताकडे पाठ करून आलेला हा पाऊस होता.

नद्यांच्या बाबतीत नांदेड व लातूर यांचे नशीब मात्र सारखे नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरी, प्रत्यक्ष सह्याद्रीच्या अंगावर उगम पावते. नाशिककडील घाटांत पडलेले पाणी पैठणच्या जायकवाडी धरणात साठते आणि धरण भरले म्हणजे ते नांदेडपर्यंत येते. वाटेत पूर्णेचेही पाणी मिळते. म्हणजे सह्याद्री आभाळातून जे नांदेडास देत नाही, त्यातील काही नदीच्या वाटेने देतो. वरची धरणे भरल्यावाचून ते खाली येत नाही व त्यावरून तंटे होतात, ही गोष्ट निराळी.

मांजरेचे तसे नाही. हरिश्चंद्रगडाच्या बाजूने निघालेली बालाघाटची रांग अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर असे करीत आग्नेयेस उतरत येते. ही रांग ठेंगणी आहे, आणि छायेतच उभी असल्याने वाऱ्यातील वाफ पिळून काढण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. मांजरा याच रांगेत, बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात उगम पावते. तिला घाटमाथ्याच्या पाण्याचा एक थेंबही मिळत नाही. पूर्वेचा पाऊस चुकला की मांजरा कोरडी, आणि मांजरा कोरडी म्हणजे लातूर कोरडे. दोन वर्षे पाऊस चुकल्यावर २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरास पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीस दहा वाघिणी असून तीत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. मिरजेचे पाणी कृष्णेचे, आणि कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. डोंगराने आडविलेला पाऊस अशा रीतीने सुमारे साडेतीनशे किलोमीटर लोखंडी रुळांवरून आमच्याकडे आला! त्याच वर्षी सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरच्या आरंभी पाऊस होऊन मांजरा धरण भरले.

या सर्वांचा शेतीशी संबंध काय, ते आता सांगितले पाहिजे. मृगातील पहिल्या सरी बहुधा वळिवाच्या जातीच्या असतात. एका शिवारात चिखल आणि शेजारच्या शिवारात धूळ, हे त्यांचे लक्षण. त्यांच्यामागून जुलैचा कोरडा वारा येतो व उगवलेले कोंब करपतात. यासाठी पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावाचून पेरू नये, हा कृषी खात्याचा सल्ला आमच्या मते अक्षरशः पाळण्याजोगा आहे. बालाघाटच्या माथ्यावरील बरड जमिनीत तर तो दुप्पट कसोशीने पाळावा. मांजरेकाठची खोल काळी जमीन दोन आठवड्यांचा खंड सोसते, बरड जमीन आठवडाही सोसत नाही. रुंद वरंबा-सरीवर पेरल्यास खंडात ओल टिकते व भाद्रपदात जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते.

पिकांच्या निवडीविषयी आमचे मत काहींस रुचणार नाही. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास पक्व होते. जूनअखेरीस पेरलेले पीक काढणीस येते ते नेमके पूर्वेचा पाऊस भरात असता. शेतात शेंगा फुटतात, बनीम भिजते, दाण्यास कोंब येतात. पूर्वी याच रानांत ज्वारी, तूर, करडई व हरभरा यांचा फेर असे, आणि भाद्रपदाचा पाऊस त्या पिकांस मारक न होता तारक होत असे. सोयाबीन सोडून द्या असे आम्ही म्हणत नाही; त्यावर पैसा हाती येतो, हे खरे. पण सर्व रान एकाच पिकाखाली न घालता सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्याव्यात, काही तुकडा लवकर येणाऱ्या वाणाचा ठेवावा, आणि एखादे खोल रान रब्बी ज्वारी-हरभऱ्यासाठी राखावे. भाद्रपदाने सोयाबीन नेले तरी तीच ओल तुरीच्या व हरभऱ्याच्या उपयोगी पडते.

गारपिटीचे संकट मात्र या हिशेबात बसत नाही. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे थंड हवेचे झोत हिमालयावर बर्फ टाकीत जातात. त्यांची शेपटी कधी दक्षिणेस महाराष्ट्रापर्यंत लोंबते. समुद्रावरील दमट हवा तिला मिळाली म्हणजे ढग फार उंच चढतात व गारा होतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत अशीच गारपीट होऊन मराठवाड्यातील गहू, हरभरा व ज्वारी आडवी झाली. काढणीस आलेला हरभरा अशा वेळी एक दिवसही शेतात राहू देऊ नये.

हवामान खात्याचे अंदाज व परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला आता घरबसल्या मिळतो. तो वाचताना कोकणात किती पाऊस झाला हे मागाहून पाहावे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र आहे काय, असल्यास ते कोणत्या वाटेने सरकणार, आणि पावसाचा आस कोठे आहे, हे आधी पाहावे.