नववी ते बारावी : चार वर्षांची सोबत

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देणारा कायदा २००९ मध्ये झाला. त्याची हद्द आठवीला संपते. शाळेतलं दुपारचं जेवणही आठवीपर्यंतच मिळतं. नववीत गेलं की ते ताट जातं, गावातली जिल्हा परिषदेची शाळा बहुधा मागे राहते आणि हायस्कूल गाठायला बाजाराच्या गावी जावं लागतं. नेमक्या याच वयात मुलाला मजुरीवर बोलावणं येऊ लागतं आणि मुलीसाठी स्थळं सुचवली जातात. गरीब घरातली कितीतरी हुशार मुलं इथेच गळतात. त्यांच्यासाठीच्या शिष्यवृत्त्यांचा आढावा घेताना म्हणूनच एक प्रश्न समोर ठेवला आहे : नववी ते बारावी ही चार वर्षं मदत मुलाला धरून ठेवते का?

या प्रश्नाशी महाराष्ट्र दीडशे वर्षं तरी झुंजतो आहे. पुण्यात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा माधुकरी मागायचा, नाहीतर आठवड्याचे वार लावून सात घरी जेवायचा. पोट भरायचं, पण दारोदारचं मिंधेपण सोसावं लागायचं, आणि इतर जातींच्या मुलांना तर तीही सोय नव्हती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी प्रश्नाचं मूळच पकडलं. शिकायला शहरात येणाऱ्या खेड्यातल्या मुलाला आधी राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण हवं, हे ओळखून त्यांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली; अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. इमारतीला जागा, चालवायला उत्पन्न आणि वर दरबाराचं लक्ष, असा तो बंदोबस्त होता.

व्यक्तीला दिलेल्या मदतीचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याला ठाऊकच आहे. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. पुढच्या शिक्षणाला घरची ऐपत नव्हती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने शब्द टाकला आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपये सुरू केले. यात पैसा महाराजांचा होता, पण मुलगा हेरला तो केळुसकरांनी. असा हेरणारा माणूस मध्ये नसता, तर बडोद्याच्या तिजोरीला हा मुलगा कळलाच नसता.

कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहून शिकलेले. १९१९ मध्ये त्यांनी काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. मुलं एका पंगतीत जेवत, स्वतः दळत, स्वयंपाक करत, शेतात राबत. कोठीत धान्य नसे तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. तिथे श्रम करून मुलगा मॅट्रिकपर्यंत मोफत शिकू शकत होता. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याची एवढी काळजी दुसऱ्या कुठल्या योजनेत दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी बरीचशी सरकारने उचलली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला १,२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ झाली. या सवलतीच्या ‘ईबीसी’ या तीन अक्षरांवर त्या पिढीतली हजारो शेतकऱ्यांची पोरं शिकली. पुढे मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली आणि अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला. १९८६ च्या सुमारास नवोदय विद्यालयं आली; देशातल्या पहिल्या दोनांपैकी एक आपल्या अमरावतीचं. सहावी ते बारावी राहणं, जेवण, पुस्तकं सगळं मोफत. पण एका जिल्ह्याला साधारण एक शाळा, त्यामुळे जागा मोजक्याच.

नववी ते बारावीसाठी आज सर्वांत मोठा आधार आहे तो केंद्राच्या ‘एनएमएमएस’ शिष्यवृत्तीचा. २००८ पासून ही योजना आहे. देशभरात दरवर्षी एक लाख मुलांची निवड होते. आठवीत परीक्षा, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि २०१७ पासून वर्षाला १२,००० रुपये. महिन्याचे हजार रुपये ही रकमेने छोटी, पण खेड्यातल्या घरात वह्या, गाईड, चपला आणि परीक्षा फी भागवणारी गोष्ट आहे. गावोगावचे कितीतरी गुरुजी आणि बाई सुट्टीच्या दिवशी शाळा उघडून मुलांकडून या परीक्षेची तयारी करून घेतात. त्यांना दंडवत घालावा असं ते काम आहे.

तरीही तीन ठिकाणी ही मदत तोकडी पडते. पैसे अनेकदा वर्ष सरताना खात्यात येतात आणि गरज असते जूनमध्ये. उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खातं यांतल्या एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडकतो, आणि तहसीलच्या एका खेपेला आईची एक दिवसाची मजुरी बुडते. तिसरी अडचण मोठी आहे. अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहायला दहावीत साधारण ६० टक्के लागतात. दहावीच्या वर्षी बाप आजारी पडला आणि मुलाचे गुण घसरले, तर ज्याला आधाराची गरज वाढली त्याचाच आधार सुटतो.

ऊसतोडीच्या पट्ट्यात हे फार ठळक दिसतं. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरच्या गावांतून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ धरला जातो आणि पोरं फडावर जातात ती चैत्राच्या आसपास परततात. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलेलं मूल शाळेत टिकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. ऊसतोडीच्या घरातल्या मुलीला नववीत मिळालेली वसतिगृहाची खाट तिचं लग्नही लांबवते. अर्धं वर्ष फडावर काढलेल्या मुलाची हुशारी मात्र गुणपत्रिकेवर मोजायची तरी कशी? तिथे त्याच्या शिक्षकाचा शब्दच प्रमाण मानायला हवा.

खासगी दानाचं बळ आपल्याकडे कमी नाही. ‘मटा हेल्पलाइन’सारख्या उपक्रमात वाचक दहावीत चमकलेल्या मुलांसाठी आपापल्या ऐपतीप्रमाणे धनादेश पाठवतात. गावच्या माजी विद्यार्थ्यांचे गट, ज्ञातिसंस्था, देवस्थानं हेही देतात. पण यातली बरीचशी ओंजळ दहावीच्या निकालानंतर, नव्वद टक्क्यांवरच्या मुलांपुढे रिती होते. नववीत शाळा सोडलेलं मूल त्या यादीत कधी पोचतच नाही. नंतर कुणी समजावलंच, तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी करणं एवढंच त्याच्या हाती उरतं.

म्हणून यंदा ज्यांना द्यायचं आहे त्यांना कळकळीची विनंती : आपल्या माहितीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि आठवीतून नववीत जाणारं एक मूल विचारून घ्या. त्याला बारावीपर्यंत दर महिन्याला, ठरल्या तारखेला रक्कम द्या. एखाद्या परीक्षेत गुण कमी पडले तर मदत थांबवू नका, शिकवणी लावा. दाखल्यांच्या खेपा घालणारा एक माणूस त्या घराला जोडून द्या. सत्काराच्या व्यासपीठावर त्याची गरिबी वाचून दाखवू नका. सरकारकडे मागायचं ते एवढंच : शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता जूनमध्ये द्या आणि दुपारचं जेवण बारावीपर्यंत न्या. शाहू महाराजांनी आणि भाऊरावांनी याहून कमी साधनांत हे करून दाखवलं आहे, त्यामुळे शक्य नाही असं म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.