घाटमाथ्यावरचा फिरता रिपीटर

आपत्तीत प्रथम मोडते ते दळणवळण, आणि सह्याद्रीच्या मुलखात ते मोडल्याची इत्तलाही वेळेवर पोहोचत नाही. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे प्राणास मुकली, आणि या अनर्थाची वर्दी बाहेर गेली ती नित्याच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला समोर गावच दिसेना तेव्हा. अशा प्रसंगी मोबाईलचे मनोरे विजेअभावी मुके होतात, आणि बचावकर्त्याच्या हातातील पाच वॅटचा वॉकीटॉकी पुष्कळदा डोंगराच्या एका सोंडेपलीकडेही ऐकू जात नाही.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे फिरता रिपीटर. वॉकीटॉकीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाचे रेडिओ-क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरांवर संपते, तर भोवतालापासून चारशे मीटर उंच माथ्यावरून तेच सुमारे 82 किलोमीटरांपर्यंत जाते. म्हणून ज्या डोंगराने दोन खोऱ्यांतील माणसांचा संवाद तोडला, त्याच्याच माथ्यावर हे यंत्र नेऊन बसविले की ते एका खोऱ्यातील क्षीण आवाज एका वारंवारतेवर ऐकते आणि त्याच क्षणी, अधिक शक्तीने, दुसऱ्या वारंवारतेवर दोन्हीकडे पोहोचविते. अडविणाऱ्यालाच जामीन राहावयास लावावे असा हा प्रकार, आणि मला या यंत्राची खरी थोरवी येथेच दिसते.

तत्त्व सुबोध असले तरी व्यवहारात एक बिकट पेच आहे. हौशी रेडिओचालकांच्या 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोन वारंवारतांमध्ये बहुधा अवघे 600 किलोहर्ट्झ अंतर असते; एकाच अँटेनावरून पंचवीस वॅट शक्तीने बोलत असतानाच वॅटच्या कोट्यंशाहूनही दुबळा संदेश ऐकावयाचा, आणि स्वतःच्या आवाजाने स्वतःलाच बहिरे होऊ द्यावयाचे नाही. हे साधणारा भाग म्हणजे ड्युप्लेक्सर. धातूच्या, पुष्कळदा आतून चांदीचा मुलामा दिलेल्या नळकांड्यांची ती जुडी असते. प्रत्येकात वरून उतरणारी एक दांडी केसभर खालीवर केली की ते नळकांडे कोणती वारंवारता जाऊ देईल आणि कोणती अडवील हे ठरते. पाव तरंगलांबीच्या हिशेबाने त्याची उंची अर्ध्या मीटरच्या घरात जाते. हा सरंजाम पाठीवरून चढविणे कष्टाचे, आणि वाटेत आदळआपट होऊन जुळणी बिघडली तर मापनयंत्रावाचून माथ्यावर ती पुन्हा बसविणे जवळपास अशक्यच.

म्हणून पुष्कळ पथके निराळी वाट धरतात: एका बाजूशी 145 मेगाहर्ट्झच्या आसपास आणि दुसऱ्या बाजूशी 435च्या आसपास व्यवहार ठेवायचा. वारंवारता इतक्या दूर पडल्या की नळकांड्यांची गरज उरत नाही. मोटारीतील दुहेरी पट्ट्याचा संच, बारा व्होल्टची बॅटरी आणि दुमडता खांब एवढ्यावर भागते. मात्र खाली कोणीही बोलले की वरच्या यंत्राला बोलावेच लागते, संच तापतो, पाच-सहा अँपिअर विद्युत्प्रवाह खर्च होतो. तेव्हा वायफळ बोलणारा माणूस साऱ्या तुकडीची बॅटरी संपवितो.

यंत्र उत्तम असून हाताळणीत चूक झाल्याचा एक दारुण दाखला न्यूयॉर्कचा आहे. तेथील जागतिक व्यापार केंद्रात 1993च्या बॉम्बस्फोटानंतर अग्निशमन दलासाठी रिपीटर बसविला होता. तो स्थायी होता, पण त्याचा धडा फिरत्यालाही लागू पडतो. 11 सप्टेंबर 2001 रोजी तो सुरू केला गेला, परंतु चौकशी आयोगाच्या अहवालाप्रमाणे उत्तर मनोऱ्यातील मुख्य हँडसेटचे दुसरे बटण दाबलेच गेले नाही. चाचणीत आवाज येईना, म्हणून तेथील अंमलदारांनी यंत्र निकामी समजून सोडून दिले. दक्षिण मनोऱ्यात मात्र तोच रिपीटर कामास आला.

आपल्याकडे हौशी रेडिओचालक होण्यास परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो, आणि तो अभ्यास वाया जात नाही. पण परवान्याइतकीच तालीमही हवी. मृगापूर्वीच संच प्रत्यक्ष माथ्यावर चढवावा, खालच्या प्रत्येक वाडीतून बोलून पाहावे, कोठे आवाज तुटतो ते नकाशावर टिपावे, आणि रिपीटर बंद पडल्यास कोणत्या थेट वाहिनीवर भेटावयाचे ते प्रत्येक वॉकीटॉकीच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहून चिकटवावे.