थोरांची प्रतिमा आणि वृत्तपत्रे

जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे. निजामावरील त्या विजयाचे श्रेय नाना फडणीस, परशुरामभाऊ पटवर्धन आदींच्या नावे जमा आहे. त्याच रणांगणावर परशुरामभाऊंवरील प्राणसंकट शिदनाक महाराने निवारले, असे परंपरा सांगते. परंतु त्याचे नाव आपल्या समाजाबाहेर फारसे कोणी घेत नाही. पराक्रम एक गोष्ट आणि त्याची प्रसिद्धी दुसरी. त्या काळी प्रसिद्धीचे काम बखरकार व शाहीर करीत. पुढे ते वृत्तपत्रांकडे आले.

वृत्तपत्र प्रतिमा घडविते ते असत्य छापूनच, असे नव्हे. काय छापावयाचे, किती जागा द्यावयाची आणि कशाविषयी मौन पाळावयाचे, एवढ्यानेही ते काम होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने स्वीकारली नाही. हे मौनाचे उदाहरण होय. सप्टेंबर १९३२ मध्ये निराळा प्रकार घडला. येरवड्याच्या तुरुंगात २० तारखेस गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि त्यांच्या प्रकृतीच्या वार्तांनी रकाने भरू लागले. मूळ प्रश्न स्वतंत्र मतदारसंघांचा होता. वाचकांपुढे मात्र एकाचे प्राण आणि दुसऱ्याचा हट्ट असे चित्र उभे राहिले. २४ तारखेस करार झाला, तरी बाबासाहेबांवरील 'हट्टी' हा शिक्का पुसला गेला नाही.

या अनुभवाचे मर्म बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात उलगडले. वृत्तपत्र हा पूर्वी व्यवसाय होता, आता तो व्यापार झाला. नायक निवडून त्याची पूजा करणे हेच त्याने आपले कर्तव्य मानले, असे त्यांचे प्रतिपादन होते. विरोधी पत्रांनी झोड उठविली, तेव्हा त्यांनी छापील पुस्तकाच्या प्रस्तावनेत उत्तर दिले आणि आपण मूर्तिपूजक नसून मूर्तिभंजक असल्याचे बजावले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतही त्यांनी राजकारणातील भक्तीविषयी इशारा दिला.

ही टीका केवळ परक्यांच्या पत्रांस लागू आहे, असे मानणे आपल्या सोयीचे आहे. आपल्या जयंती विशेषांकांकडे पाहावे. मुखपृष्ठावर छायाचित्र, आत गौरवपर कविता, दानदात्यांच्या शुभेच्छा. आणि रुपयाच्या प्रश्नावर, नदीखोऱ्यांच्या योजनांवर वा हिंदू कोड बिलावर बाबासाहेबांनी काय लिहिले, यास कित्येकदा अर्धे पानही मिळत नाही. (आमचे नियतकालिकही यास सर्वस्वी अपवाद नाही.) ऐकीव वा परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नये, हे कालामांना दिलेल्या उपदेशात आपण वाचतो, तोच निकष मुद्रित शब्दास का लावू नये?

रानडे व्याख्यान महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात समग्र आहे. विहारातील साप्ताहिक वाचनासाठी ते दोन बैठकांत, मराठीतून समजावीत, पुरे होण्यासारखे आहे.