गुहेतला अंधार अंधारच राहू द्या
प्रवास आणि कॅमेरा : भाग ६

अपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ ही तिन्ही गिऱ्हाइकं गेल्या दोन भागांत ओळखीची झाली. आता त्यांना अशा ठिकाणी नेऊ, जिथे तिघांची एकदमच परीक्षा होते. अजिंठा आणि वेरूळ. फ्लॅशला मनाई, ट्रायपॉडला परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि आत डोळे सरावायलाही दोन मिनिटं लागतात.

आधी उजेडाचा हिशोब मांडू. दुपारच्या स्वच्छ उन्हात, आयएसओ १०० आणि अपर्चर एफ ८ ठेवलं, तर शटर साधारण १/४०० सेकंदाला बसतं. पन्नास पावलं आत गेलात की आयएसओ १६००, अपर्चर एफ ४ आणि शटर १/१५ करूनही फोटो जेमतेम उठतो. स्टॉपच्या भाषेत हा फरक दहा-अकरा पायऱ्यांचा झाला. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो, म्हणजे आतला उजेड बाहेरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. डोळा हे अंतर सहज पचवतो, त्यामुळे आपल्याला त्याची जाणीवच होत नाही.

कॅमेऱ्याची अडचण वेगळी आहे. समोर काय आहे हे त्याच्या मीटरला कळत नाही. सगळा उजेड एकत्र करून त्याची सरासरी मध्यम करडी यावी, एवढंच तो बघतो. माळावरच्या म्हशीने फ्रेम भरली तर तो तिला उजळून करडी करतो, आणि तिच्या पाठीवरच्या बगळ्याने फ्रेम भरली तर त्याला काळवंडून करडा करतो. गुहेतही हेच होतं. काळोख्या भिंती बघून मीटर एक्स्पोजर वाढवत नेतो आणि दगड राखाडी, धुरकट होऊन बसतो. मोबाइलचा नाइट मोड तर चार पावलं पुढे. तो अनेक फ्रेम एकावर एक रचतो आणि लेण्याचं मंगल कार्यालय करून टाकतो. स्पष्ट दिसतं सगळं, पण ज्या अंधारात आपण उभे होतो तो कुठेच उरत नाही.

उपाय साधा आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं प्लस-मायनसचं चिन्ह असलेलं बटण किंवा चकती शोधा आणि उणे १ वर न्या. अजिंठ्यासारख्या ठिकाणी उणे दीडही चालतं. मोबाइलवर मूर्तीच्या सर्वांत उजळ भागावर बोट टेकवा आणि शेजारी सूर्याची खूण येते ती खाली ओढा. आता स्क्रीनवर फोटो काळपट वाटेल. वाटू द्या. कोपरे अंधारात बुडाले तरी बिघडत नाही. कपाळावरचा, गालावरचा उजेड पांढराफटक न होता शाबूत राहिला पाहिजे.

तिघांपैकी कोणाला किती ताणायचं, यावर माझं मत ठाम आहे: आयएसओ बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो एडिटिंगमध्ये बराच सुधारतो, हललेला फोटो सुधारत नाही. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांवर ३२०० ला घाबरायचं कारण नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स १८ वर ठेवली की अपर्चर एफ ३.५ पर्यंत उघडतं, झूम केलं की ते एफ ५.६ वर येतं. म्हणून आत झूम न करता स्वतः पुढे चला. कोपरं बरगड्यांना टेकवा, खांद्याने भिंतीचा नव्हे तर सोबत्याचा आधार घ्या, श्वास सोडताना बटण दाबा आणि लागोपाठ तीन-चार फ्रेम घ्या. त्यातली एखादी नक्की स्थिर निघते.

फ्लॅश नको याचं नियमातलं कारण रंगांचं रक्षण हे आहेच. पण मनाई नसती तरी मी तो लावला नसता. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश समोरून सपाट पडतो आणि कोरीव कामाची सगळी खोली पुसून टाकतो. शिल्पाला उजेड बाजूने हवा. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती आहे. समोर खांबांची रांग असल्याने ती सरळ एका चौकटीत बसत नाही, आणि खटाटोप करून बसवली तरी फोटो ओळखपत्रासारखा येतो. एका टोकाला उभे राहा, मूर्तीच्या लांबीच्या दिशेने बघा. दाराकडून येणारा उजेड वस्त्राच्या चुण्यांवरून सरकत जाताना दिसेल.

वेरूळचं कैलास लेणं पश्चिमाभिमुख आहे. सकाळी पाठीमागचा कडा ऊन अडवतो आणि अंगण सावलीत राहतं. टूरवाले नेमके तेव्हाच नेतात! शक्य असेल तर दुपारनंतर जा. उतरतं ऊन तिरपं येतं आणि शिल्पं भिंतीतून बाहेर येऊ लागतात. शेजारच्या वाटेने टेकडीवर चढलात की वरून पूर्ण मंदिर दिसतं, आणि ते बांधलेलं नसून कड्यातून खाली कोरत आणलेलं आहे, हे खालच्या कुठल्याही फोटोपेक्षा तिथून जास्त कळतं.

लेण्यांत कॅमेरा नेणारे आपण पहिले नाही. रॉबर्ट गिल म्हटलं की मराठी वाचकाला त्याची प्रेयसी पारो आठवते. पण हा चित्रकार मेजर पुढे कॅमेऱ्याकडे वळला होता. अजिंठ्याच्या चित्रांच्या त्याने वर्षानुवर्षं केलेल्या नकलांपैकी बऱ्याच १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याआधीच, १८६४ मध्ये, त्याने काढलेल्या लेण्यांच्या फोटोंचं पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह निघालं होतं. आयएसओची चकती नसतानाचं हे काम. आपण ३२०० वर कुरकुरतो.

आता एडिटिंगकडे जाणारी एक वाट. गुहेत फोटो रॉ मध्येच घ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या छटा २५६, तर १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४. सावल्या उचलताना हा फरक लगेच जाणवतो. पण उचलण्याआधी व्हाइट बॅलन्स दुरुस्त करा. अजिंठ्यात दिव्यांच्या पिवळसर उजेडात निळा रंग आधी मरतो. तो काळा नाहीतर हिरवट दिसू लागतो. तिथला निळा लाजवर्द दगडाचा आहे, बाहेरून आलेला, बाकीचे बहुतेक रंग आसपासच्या मातीदगडांचे. पिवळेपणाची पट्टी थोडी थंड रंगाकडे सरकवा आणि नजर निळ्यावर ठेवा. तो निळा वाटू लागला की थांबा; त्यापुढे सरकलात तर पद्मपाणीची त्वचा राखेसारखी होते. सॅच्युरेशनच्या पट्टीला आज हात लावायचा नाही.

जाणाऱ्यांसाठी: अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून पुढे बसने जावं लागतं, तेव्हा बॅगेत एकच लेन्स आणि जास्तीची बॅटरी पुरे. पुढच्या आठवड्यात अशाच एका काळपट रॉ फाइलवर हिस्टोग्रॅम उघडून बसू. एखादी न सुधारलेली फाइल तोवर जपून ठेवा.