पुनर्जन्म घेणारा सर्व्हर

1980 च्या दशकाच्या अखेरीस छोट्या कचेरीला नेटवर्क हवे असे, पण केवळ फाइली सांभाळायला एक अख्खा संगणक बाजूला ठेवणे परवडत नसे. नोव्हेल कंपनीच्या नेटवेअर 2 मध्ये त्यावर तोड होती. सर्व्हर म्हणून चालणाऱ्या यंत्रावरच कोणी तरी डॉस ही त्या काळची कार्यप्रणाली उघडून पत्र टंकायचे आणि त्याच वेळी बाकीच्या टेबलांवरच्या संगणकांना हे यंत्र फाइली पुरवत राहायचे. हे त्या काळच्या 80286 प्रोसेसरवर कसे जमवले असेल, हे समजून घेताना मी अक्षरशः थक्क झालो.

या प्रोसेसरला दोन अवस्था होत्या. जुन्या, ‘रिअल’ अवस्थेत त्याला पहिली 1 एमबी मेमरी दिसे. डॉसचे सगळे विश्व तेवढेच, आणि त्यातही प्रोग्रामांच्या वाट्याला जेमतेम 640 केबी. ‘प्रोटेक्टेड’ अवस्थेत मात्र 16 एमबीपर्यंत नजर जाई आणि कोणी कोणाच्या मेमरीत शिरायचे नाही, यावर पहारा असे. सर्व्हरला ही दुसरी अवस्था हवी, पत्र लिहिणाऱ्याच्या डॉसला पहिली. म्हणजे सतत ये-जा आली. आणि इंटेलने रिअलमधून प्रोटेक्टेडमध्ये जाणारी सूचना दिली होती, परतीची दिलीच नव्हती! एकदा पहारा बसला की तो उठवायची सोय नाही. परतायचा मार्ग एकच, प्रोसेसर रीसेट करणे.

1984 च्या आयबीएम पीसी एटीमध्ये हे काम कोणावर सोपवले होते? की-बोर्ड सांभाळणाऱ्या चिपवर. तिच्या एका मोकळ्या पिनेतून प्रोसेसरच्या रीसेटला तार जोडलेली होती. आधी बॅटरीवर जगणाऱ्या छोट्या मेमरीत एक खूण ठेवायची, कुठून पुढे सुरू करायचे तो पत्ता दुसरीकडे लिहायचा आणि मग की-बोर्डच्या चिपला सांगायचे, ‘आता याला रीसेट कर.’ प्रोसेसर सगळे विसरून जन्मल्यासारखा जागा होई. यंत्र जागे होताना सर्वात आधी चालणारा प्रोग्राम, म्हणजे बायोस, ती खूण पाही, एरवीच्या तपासण्या टाळी आणि त्याला थेट त्या पत्त्यावर नेऊन सोडी. मुख्य मेमरी या साऱ्यात शाबूत राही. जन्म नवा, आठवणी मागच्या. ज्या चिपने टंकणाऱ्याचे अक्षर टिपले, तीच दोन अक्षरांच्या मधल्या फटीत प्रोसेसरला नवा जन्म देऊ शकत होती, आणि पत्र लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

पण रिअल अवस्थेत पहारा नाही. सर्व्हरचा बराचसा ऐवज 1 एमबीच्या वर असल्याने डॉसच्या प्रोग्रामाला तो दिसतच नसे. तिथे आंधळेपणाच भिंतीचे काम करी. खालच्या मेमरीत मात्र सगळे उघड्यावर. तिच्या अगदी सुरुवातीला 1,024 बाइटांचा एक तक्ता असतो. घड्याळाचा ठोका पडला, कळ दाबली गेली, नेटवर्क कार्डाने हाक मारली, तर कुठे धावायचे, याचे 256 पत्ते त्यात. पत्राच्या प्रोग्रामातल्या एखाद्या चुकीने शून्य पत्त्यावर काही लिहिले गेले, की घाव थेट या तक्त्यावर. त्याहून साधी गोष्ट म्हणजे, प्रोग्रामाने या हाका बंद करून ठेवल्या आणि तो तसाच हँग झाला, तर सर्व्हरकडे सूत्रे परत येणार कशी? एका टेबलावरचे पत्र अडकायचे आणि सगळी कचेरी थांबायची. माझ्या मते अपराध त्या प्रोग्रामाचा नव्हता. यंत्र आपल्या एकट्याचे आहे, असे मानणे हा डॉसच्या जगाचा रीतसर नियमच होता.

1985 च्या 80386 प्रोसेसरने हा पेच सोडवला. त्यात परतीची वाट होती, शिवाय डॉसला वाटावे आपण जुन्याच 8086 वर आहोत, आणि पहारा मात्र कायम राहावा, अशी एक अवस्थाही होती. गंमत अशी की, हे हाताशी असूनही 1989 च्या नेटवेअर 386 मध्ये नोव्हेलने सर्व्हरवर बसून काम करायची सोयच ठेवली नाही. यंत्र पूर्णवेळ सर्व्हर झाले. पुढे त्याच्या पडद्यावर, कोणी कळ दाबत नसले की, एक साप वळवळत फिरू लागे. प्रोसेसरवरचे काम वाढले की त्याची शेपटी लांब होत जाई.