चालत्या गाडीत गाणे कुठून ऐकू येते?

पीएच.डी.साठी अमेरिकेत होते तेव्हाची, २००७ सालची ही गोष्ट. प्रयोगशाळेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला त्याच्या गाडीतून विमानतळावर सोडायचे कबूल केले होते. गाडी होती २००४ सालची अ‍ॅक्युरा टीएल. अ‍ॅक्युरा हे होंडा कंपनीचे अमेरिकेतील एक नाव. या गाडीत कारखान्यातूनच एक खास संगीतयंत्रणा बसवून येत असे. पॅनासॉनिक कंपनीने एलियट शायनर या ध्वनिमुद्रणतज्ज्ञाच्या मदतीने ती तयार केली होती. तिला आठ स्पीकर होते आणि ती डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या नव्या प्रकारच्या तबकड्या वाजवू शकत होती.

सहकाऱ्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या मला ऐकवल्या. आधी साधी सीडी लावली आणि विचारले, "गायिका कुठे आहे?" मी म्हणाले, "माझ्या बाजूच्या दारापाशी." तो हसला. "मला ती माझ्या दारापाशी ऐकू येते आहे!" मग त्याने डीव्हीडी-ऑडिओ लावली. आता गायिका दोघांनाही एकाच ठिकाणी, समोरच्या फळीच्या मध्यभागी ऐकू येऊ लागली. "बघितलेस? त्या सीडीत १६ बिट्स, हिच्यात २४. म्हणून हा फरक," तो म्हणाला.

फरक खरा होता, यात शंका नाही. पण त्याने सांगितलेले कारण बरोबर होते का? विमानतळ येईपर्यंत आम्ही यावर वाद घालत होतो. त्या वादातून जे हाती लागले ते सांगण्यासाठी हा लेख. वेष्टनावरचा मोठा आकडा आणि प्रत्यक्ष अनुभव यांचा संबंध कसा तपासावा, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

नळीचा प्रयोग

प्रथम कानाकडे वळू. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपल्याला कसे कळते? वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग पाहा. सुमारे एक मीटर लांबीची रबराची नळी घ्या. विद्यार्थ्याला डोळे मिटून बसवा आणि नळीची दोन टोके त्याच्या दोन कानांपाशी अलगद धरायला सांगा. ती कानात खुपसू नयेत. नळीचा मधला भाग त्याच्या पाठीमागे राहील. नळीच्या बरोबर मध्यावर खूण करा आणि पेन्सिलीने हलकेच टकटक करा. आवाज मधोमध ऐकू येईल. आता खुणेपासून एक-दोन सेंटिमीटर बाजूला टकटक करा. बहुतेक विद्यार्थी बाजू अचूक सांगतील.

खुणेपासून एक सेंटिमीटर सरकल्यावर एका कानाचे अंतर एक सेंटिमीटरने कमी होते आणि दुसऱ्याचे तेवढेच वाढते. म्हणजे दोन मार्गांत फरक पडतो २ सेंटिमीटरचा. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. तेव्हा वेळेतील फरक झाला सुमारे ६० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा सुमारे सतरा हजारावा भाग! एवढा सूक्ष्म फरक आपला मेंदू टिपतो. आवाज अगदी एका बाजूने आला, तर डोक्याच्या रुंदीमुळे दोन कानांतील हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतका असतो.

याला जोड आहे आणखी एका गुणधर्माची. एकच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला, तर आपल्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत. एकच ऐकू येतो, आणि तोही जिकडून आधी पोचला तिकडूनच आल्यासारखा वाटतो. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९ सालच्या आपल्या प्रबंधात याचा बारकाईने अभ्यास केला. म्हणून याला 'हास परिणाम' असेही म्हणतात.

गाडीतील गैरसोयीची जागा

स्टिरिओ ध्वनिमुद्रणात डावा आणि उजवा असे दोनच प्रवाह असतात. गायिकेचा आवाज दोन्हींत सारखा मिसळलेला असतो. घरी आपण दोन्ही स्पीकरपासून समान अंतरावर बसलो, तर दोन्ही आवाज एकाच वेळी पोचतात आणि गायिका मधोमध असल्याचा भास होतो. तिथे स्पीकर नसतोच. तो निव्वळ भास असतो.

गाडीत मात्र मध्यभागी कोणीच बसत नाही. समजा, चालकाच्या कानापासून त्याच्या बाजूचा स्पीकर ०.९ मीटरवर आहे आणि पलीकडचा १.५ मीटरवर. फरक ०.६ मीटरचा. जवळचा आवाज सुमारे १.८ मिलिसेकंद आधी पोचतो, शिवाय तो मोठाही असतो. मग हास परिणामाने गायिका चालकाच्या दारात जाऊन बसते. शेजारच्या माणसाच्या बाबतीत हेच गणित उलट. आम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो!

यावर एक उपाय असा, की जवळच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम १.८ मिलिसेकंद उशिरा सोडायचा. अंकीय यंत्रणेला हे सहज जमते. पण यामुळे एकाला न्याय मिळतो आणि दुसऱ्यावर अन्याय होतो. शेजाऱ्याला पलीकडचा आवाज आधीच १.८ मिलिसेकंद उशिरा मिळत होता, तो आता ३.६ मिलिसेकंद उशिरा मिळतो.

खरा उपाय साधा आहे. गायिका मधोमध हवी, तर मधोमध स्पीकरच बसवा आणि तिचा आवाज वेगळ्या प्रवाहातून त्याला पुरवा. मग भासाची गरजच उरत नाही. सराउंड ध्वनीच्या '५.१' या रचनेत पुढे डावा, मधला आणि उजवा, मागे डावा आणि उजवा असे पाच प्रवाह असतात. सहावा प्रवाह केवळ खर्जातील आवाजांचा. तो ध्वनीच्या पल्ल्याचा अगदी लहान भाग सांभाळतो, म्हणून त्याची गणना '.१'.

सहा प्रवाह तबकडीवर कसे मावतात?

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिट्सचा, असे दोन प्रवाह असतात. गुणाकार केला, की सेकंदाला १४,११,२०० बिट्स. याच पद्धतीने सहा प्रवाह साठवायचे तर तिप्पट, म्हणजे सेकंदाला सुमारे ४२ लाख बिट्स लागतील. सीडीची ती ऐपत नाही. यातून चार वाटा निघाल्या.

पहिली वाट डीटीएस-सीडीची. तबकडी सीडीचीच, बिट्सही तेवढेच. पण सहा प्रवाह दाबून त्यांत बसवलेले. दाबताना कानाला फारसे न जाणवणारे तपशील गाळले जातात. ही तबकडी उलगडणारे यंत्र नसेल, तर साध्या सीडी-प्लेअरवर फक्त खरखर ऐकू येते.

दुसरी वाट डॉल्बी डिजिटलची. चित्रपटांच्या डीव्हीडीवर सहा प्रवाहांना मिळून बहुधा सेकंदाला ४,४८,००० बिट्सच दिलेले असतात. म्हणजे मूळ माहितीच्या सुमारे एक-दशांश. बाकी सारी काटछाट.

तिसरी वाट डीव्हीडी-ऑडिओची. तिचे मानक १९९९ साली ठरले. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा. लहान तरंगलांबीचा किरण अधिक बारीक ठिपक्यावर एकवटता येतो. त्यामुळे शेजारच्या दोन वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रॉनवरून ०.७४ मायक्रॉनवर आणता आले आणि एका थरात ४.७ गिगाबाइट मावले. सहा प्रवाह, प्रत्येकी सेकंदाला ९६,००० नमुने, नमुना २४ बिट्सचा, असा हिशेब केला तर सेकंदाला १ कोटी ३८ लाख बिट्स होतात. डीव्हीडी-ऑडिओची मर्यादा मात्र ९६ लाखांची. म्हणून 'मेरिडियन लॉसलेस पॅकिंग' ही युक्ती वापरली गेली. रोजचे तापमान पूर्ण लिहिण्याऐवजी आदल्या दिवसापेक्षा किती वाढले किंवा घटले एवढेच लिहिले, तर जागा कमी लागते आणि मूळ आकडे जसेच्या तसे परतही मिळवता येतात. त्याच जातीची ही युक्ती. यात काहीही गाळले जात नाही.

चौथी वाट सोनी आणि फिलिप्स यांच्या सुपर ऑडिओ सीडीची, म्हणजे एसएसीडीची. तीही १९९९ सालचीच. हिचा नमुना फक्त एका बिटचा, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा घेतलेला. तिच्या संकरित प्रकारात साध्या सीडीचा थरही असतो, त्यामुळे ती कुठल्याही गाडीतील सीडी-प्लेअरवर वाजते. मात्र तिथे ऐकू येतो तो दोन प्रवाहांचा स्टिरिओच.

गोंगाट बिट्स गिळतो

आता सहकाऱ्याच्या दाव्याकडे वळू. नमुन्यातील प्रत्येक बिटमागे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढते. १६ बिट्सना ९६ डेसिबल, २४ बिट्सना १४४. कागदावर हा फरक प्रचंड आहे.

पण महामार्गावर धावणाऱ्या चांगल्या गाडीतही टायर, वारा आणि इंजिन यांचा मिळून सुमारे ६५ ते ७० डेसिबल गोंगाट असतो. त्याखालचे नाजूक स्वर बहुतांशी बुडतात. वरची मर्यादा कानाच्या आरोग्याची. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालेल, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी करावी, असा अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेचा दंडक आहे. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. गोंगाट आणि ही मर्यादा यांच्यामध्ये आपल्या वाट्याला फार तर तीस-चाळीस डेसिबल उरतात. सीडीचे ९६ डेसिबलच जिथे पुरे वापरता येत नाहीत, तिथे १४४ चे काय करणार?

शांत खोलीतही हा फरक सहजी कळत नाही. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत श्रोत्यांना नव्या तबकड्यांचा ध्वनी कधी थेट, तर कधी सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवला. कोणता कोणता, हे त्यांना सांगितलेले नव्हते. ५५४ वेळा विचारल्यावर २७६ उत्तरे बरोबर आली. नाणेफेक केली असती तरी असेच उत्तर आले असते! पुढे २०१६ साली जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांची एकत्र छाननी केली. तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. सरावलेल्या कानांना थोडे अधिक जमले. फरक अगदीच शून्य नाही, पण शांत खोलीतही तो इतका लहान आहे.

म्हणजे आमच्या गाडीतील गायिका २४ बिट्समुळे मधोमध आली नव्हती. ती आली मधल्या स्पीकरमुळे आणि त्याला मिळालेल्या स्वतंत्र प्रवाहामुळे. महामार्गावर याचा पुरावाही मिळाला. वेग वाढला तसे झांजांचे विरत जाणारे नाद ऐकू येईनासे झाले, पण गायिका जागची हलली नाही. बिट्स गोंगाटात बुडतात, दिशा टिकून राहते. त्याच गाडीत काटछाट केलेले डॉल्बी डिजिटल लावले असते, तरी गायिका मध्येच राहिली असती.

तबकड्या गेल्या, दिशा उरल्या

पुढे या तबकड्यांचे फारसे भले झाले नाही. दोन प्रतिस्पर्धी मानके, वेगवेगळी यंत्रे आणि त्याच सुमारास हाती आलेले खिशातले एमपी-३ प्लेअर, यांत ग्राहक गोंधळला. एका बाजूला सीडी आणि दुसऱ्या बाजूला डीव्हीडी अशी 'ड्युअलडिस्क' काढून पाहिली, पण तिची जाडी होती सुमारे दीड मिलिमीटर. १.२ मिलिमीटरच्या तबकडीसाठी बनवलेल्या गाडीतील फटीत ती अडकण्याची भीती असे! एसएसीडी अजून थोड्याफार निघतात. डीव्हीडी-ऑडिओ जवळजवळ संपली. नव्या गाड्यांत तर तबकडीची फटच क्वचित दिसते.

पण कल्पना मेली नाही. आज अनेक गाड्यांत डॉल्बी अ‍ॅटमॉस ही पद्धत येते. महिंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरात सादर केलेल्या, चाकणला तयार होणाऱ्या विद्युत गाड्यांतही ती आहे. हिच्यात ठरावीक प्रवाहांबरोबर 'हा आवाज अमुक दिशेचा' अशी नोंदही साठवता येते. तो कोणत्या स्पीकरमधून किती सोडायचा, हे ठरवते गाडीतील संगणकयंत्रणा. गंमत अशी, की इंटरनेटवरून येणाऱ्या अशा गाण्याला सेकंदाला साधारण आठ लाखांहून कमी बिट्स लागतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या सीडीपेक्षाही कमी! तरी दिशा मात्र कितीतरी जास्त.

वर्गात नळीचा प्रयोग झाला, की विद्यार्थ्यांना एक काम द्या. गाडीत पुढे बसणाऱ्या दोघांनी डोळे मिटून एकच गाणे ऐकायचे आणि गायक कुठे आहे, तिकडे बोट दाखवायचे. गाडी अर्थातच उभी हवी. दोन बोटे दोन दिशांना गेली, तर टेपपट्टीने स्पीकरची अंतरे मोजा आणि ३४० ने भागा. उत्तर वेष्टनावर छापलेले नसेल, पण ते पडताळून पाहिलेले असेल.